सातवा तापमापक

रेझोनेटर म्हणजे माणसाच्या उंचीचं, घंटेसारखं घुमणारं धातूचं नळकांडं. चाचणीआधी ते मोठ्या टाकीत उतरवून द्रव हीलियमने उणे दोनशे एकोणसत्तर अंशांपर्यंत थंड करायचं, हे अण्णांचं काम. या नळकांड्यावरचे बारा तापमापक त्यांच्या मुलीने चिकटवले होते. त्याच आठवड्यात तिला ताप भरला आणि चार दिवसांत ती गेली.

महिन्याभराने अण्णा कामावर आले आणि त्यांनी टाकी चालू केली.

दुपारपर्यंत अकरा आकडे तळाला गेले. सातवा मात्र शून्याच्याही वर, सदतीस अंशांवर थांबला.

"बिघडलाय मेला," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "वायर बदलून बघा, अण्णा."

अण्णांनी वायर बदलली, मग मीटरही बदलला. तरी सदतीसच.

"राहू दे. अकरा पुरेत आपल्याला." बाईंनी हीलियमचा झोत वाढवला.

तेव्हा आकडा हलला, पण वर. अडतीस. मग एकोणचाळीस.

अण्णा उठून टाकीपाशी गेले. "बाई, ही आत्ता उघडता येईल?"

"आत्ता कशी? गरम व्हायलाच दोन दिवस लागतील. का हो?"

चाळीस.

अण्णांनी टाकीच्या पत्र्यावर तळहात ठेवला, कपाळावर ठेवावा तसा.

"ताप एक्केचाळीसवर गेला तेव्हा तिने पाणी मागितलं होतं," ते म्हणाले. "मी घेऊन येईपर्यंत..."

बाईंनी हीलियमचा पंप बंद केला. खोलीतली घरघर थांबली.

पडद्यावर एक्केचाळीस उमटलं, आणि दोघंही टाकीला कान लावून उभे राहिले.