मास्तरांची शीर

दुसऱ्यांदा सुई चुकली तेव्हा ती डायलिसिस विभागाच्या दारात एक पाय सँडलमध्ये घालून उभी होती. चार नंबरच्या बेडवरून मास्तरांचं कण्हणं ऐकू आलं, मागोमाग नव्या टेक्निशियन मुलीचा रडवेला आवाज. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दुसरा पाय सँडलमध्ये सरकवला.

नव्या मुलीला मशीनं लावून देऊन ती निघाली होती; आज तिला जायचंच होतं. चर्चच्या मंडळीच्या तीन दिवसांच्या मेळाव्याची ही शेवटची सकाळ. बाहेरून आलेले मोठे उपदेशक, दोन हजार माणसं, आणि शेवटी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना. दहाला हॉलची दारं लावून घेणार होते. थोरली बहीण पहिल्या दिवसापासून फोटोंवर फोटो पाठवत होती. बहिणीला प्रभू भेटला होता. शेजारणीला भेटला होता. अहो, उपदेश सुरू झाला की दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागणारा तिचा दीर, त्यालासुद्धा काल भेटला आणि तो म्हणे लहान मुलासारखा ढसाढसा रडला. राहिली होती ती एकटीच. अकरा वर्षं रविवारची सकाळ मशीनपाशी काढणाऱ्या बाईची प्रार्थना ती केवढी असणार? हात धुताना थोडी, जिना चढताना थोडी. सगळ्यांना वाढून झालंय आणि आपल्यापर्यंत येईतो पातेलं रिकामं होणार, या धास्तीने तीन रात्री तिचा डोळा लागला नव्हता. म्हणून तर पुढच्या दोन सुट्ट्या देऊन तिने आजची सकाळ मागून घेतली होती.

नवी मुलगी दारात आली. डोळे भरलेले. "ताई, मास्तरांची शीर सापडत नाहीये. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा चुकली तर हात सोडून द्या, मानेत नळी घालू."

मानेतल्या नळीला मास्तर मरणापेक्षा जास्त घाबरत. मागच्या खेपेला त्या नळीतूनच जंतू शिरले होते आणि म्हातारा महिनाभर आज जातो की उद्या असा पडून होता. हे तिला ठाऊक होतं. मुलगी कुठे चुकली तेही न बघता ठाऊक होतं. मास्तरांच्या दंडावर जो टम्म फुगलेला भाग दिसतो तो जुन्या सुयांनी झालेला, आणि नवं माणूस हमखास तिथेच टोचतं. खरी शीर त्याच्या बोटभर अलीकडे, खोल. ती डोळ्यांना दिसत नाही.

घड्याळात पावणेदहा झाले होते. तिला राग आला. मुलीचा आला, मास्तरांचा आला, आणि सगळ्यात जास्त प्रभूचा आला. बोलवायचंही त्यानेच आणि वाटेत पाय ओढायचाही त्यानेच, ही कुठली रीत? तिने सँडल काढल्या नाहीत, भिरकावल्या. एक कपाटाखाली गेली.

मास्तर तिला बघून आधी चिडले. तुमची सुट्टी आहे ना, मग जा, माझ्यापायी कुणी थांबायला नको, असं बरंच काही ऐकवलं. शाळा सोडून वीस वर्षं झाली तरी माणूस वर्गातच होता. तिने हात धुतले आणि त्यांना एकोणिसाचा पाढा म्हणायला सांगितलं. गप्प राहिले की ते दंड ताठ करतात. पाढा म्हणताना विसरतात. पाढा सुरू झाला. तिने डोळे मिटले आणि दोन बोटं दंडावर ठेवली.

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. मुलीने तो काढून तिच्या कानाशी धरला.

"अगं, आहेस कुठे?" बहिणीच्या मागे दोन हजार माणसं गात होती. "प्रभू इथे आहे, साक्षात. दार लावतायत. आज हुकलं तर हुकलं, सांगून ठेवते."

क्षणभर तिला ते सगळं हवं होतं, तो हॉल, ते गाणं, डोक्यावरचा तो हात. इतकं हवं होतं की डोळे उघडून तिने दाराकडे बघितलं; बोटं मात्र दंडावर फिरत राहिली. मग बोटांखाली काहीतरी गुरगुरलं, मांडीवरच्या मांजरासारखं. मास्तरांचं रक्त, खोलवर, जोरात धावणारं. तिची बोटं तिथेच थांबली.

"हुकू दे," ती म्हणाली.

"असं अभद्र बोलू नये गं."

"यात अभद्र काय? मला भेटायला त्याला एवढा मोठा हॉल लागत असेल तर राहू दे ती भेट. मी कामावर आहे. दुसरा मजला, चार नंबरचा बेड. यायचं असेल तर येईल, त्याला कुणी पत्ता सांगायला नको."

तिने मानेने खूण केली. मुलीने फोन बंद केला. दंड पुसून झाला, हातमोजे चढले, आणि तिने सुई घातली. पहिल्या फटक्यात नळीत लालभडक रक्त चढलं. मुलीने श्वास सोडला. ती मात्र दुसऱ्या सुईसाठी पुन्हा बोटांनी चाचपू लागली.

मास्तरांचा पाढा मध्येच थांबला होता. त्यांचा देवावर विश्वास नव्हता, पण शिस्त होती.

"कुणाला बोलावलंत हो आत्ता?" त्यांनी विचारलं. "भेटायला येणाऱ्यांना इथे आत सोडत नाहीत."

"तो कधीचाच आत आहे," ती म्हणाली. "तुम्ही हात हलवू नका."