ठणठणीत असल्याचा दाखला

भर दवाखान्यात, बाहेर आठ पेशंट बसलेले असताना, तिने डॉक्टरांच्या टेबलावर कागद आपटला. डॉक्टर म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ.

"हे काय आहे, दादा?"

कागद त्याच्याच अक्षरातला होता. धाकट्या बहिणीचं मानसिक संतुलन बिघडलंय, सहा महिने विश्रांती हवी. पाणीपुरवठा खात्यातली इंजिनियरची कायमची नोकरी सोडून बाहुल्यांचे खेळ करायचे, म्हणून तिने राजीनामा दिला होता. हा दाखला घेऊन बाबा गुपचूप तिच्या साहेबांना भेटून आले. साहेबांनी आज या दाखल्यासकट राजीनामा परत केला. वर पाण्याचा ग्लास पुढे करून ‘काळजी घ्या हं’ म्हणाले, तेही लहान मुलाशी बोलावं तसं.

"घरी बोलू," भाऊ म्हणाला. "बाहेर लोक आहेत."

"ऐकू देत की! न तपासता वेडी ठरवलंस मला. आता तपास." ती पेशंटच्या स्टुलावर बसली आणि बाही वर सरकवली.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं. बाबा अक्षरशः हातापाया पडले माझ्या. लाकडाच्या बाहुल्या नाचवून पोट भरतं का कुणाचं? सहा महिन्यांत डोकं ताळ्यावर येईल, खुर्ची तशीच राहील. बिघडलं काय?"

"पुढच्या महिन्यात तीन शाळांमध्ये माझे खेळ आहेत. तुझ्या कागदाचं त्यांच्या कानावर गेलं, तर पोरांच्या जवळ तरी उभं करतील का मला? बिघडलं काय म्हणे!"

तिचा आवाज चढला होता. भावाने मान हलवली. "बघ, कशी थरथरतेयस."

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे चिडलं तरी वेड, आणि गप्प बसलं तरी वेड! खोटं लिहायचं ह्यांनी आणि शहाणपण सिद्ध करायचं हिने. बाहेरचं खोकणंसुद्धा थांबलं होतं. अख्खा दवाखाना कान टवकारून बसला होता. ते त्याच्याही ध्यानात आलं. त्याने मुकाट्याने तिची नाडी पाहिली, दोन-चार प्रश्न विचारले, खणातून छापील दाखला काढला आणि भराभर भरून खाली सही ठोकली.

"घे बाई. ठणठणीत आहेस. झालं समाधान?"

तिने वाचलं. नाव, वय, तारीख. त्याखाली छापलेलं: ‘वरील व्यक्ती कामावर परत रुजू होण्यास योग्य आहे.’

"म्हणजे आजारी असले तर रजा आणि बरी असले तर नोकरी?"

"फॉर्म तसाच असतो," भाऊ म्हणाला. त्याला आता जरा हसू आलं. "नोकरीवर लाथ मारायला धडधाकट आहे, असा दाखला जगात कुठे मिळत नाही."

तिने त्याच्या खिशातलं पेन ओढून घेतलं. ‘कामावर परत रुजू होण्यास’ या शब्दांवर एक आडवी रेघ मारली, वर सुवाच्य अक्षरात ‘नोकरी सोडण्यास’ असं लिहिलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"खोडलंय तिथे सही लागते, डॉक्टर."