डावीकडे थांबलेलं पातं

कालव्यावरचा पूल उघडण्याआधी बाउकेने होडीतल्या हेसेलला पावसात चांगलं ताटकळत ठेवलं. मग गळाची काठी पुढे केली. दोरीला एक लाकडी बूट लोंबत होता. पुलाचा कर त्या बुटात टाकायचा, अशी रीत. हेसेल मात्र गेली कित्येक वर्षं त्यात पेपरमिंटची गोळी टाकत आला होता.

"आज दोन टाक," बाउके वरून म्हणाली. "खिडकीतून पाऊस आत येतोय. या बाजूने कधी येत नाही मेला."

"खिडकी लाव मग."

"लावली की तुझ्यासारखे फुकटे चोरून जातील. कुठे निघालास असल्या पावसात?"

"वोब्बेकडे."

वोब्बे हेसेलचा थोरला भाऊ. वळणापलीकडची पवनचक्की त्याची. दोघे भाऊ तिथेच लहानाचे मोठे झाले. जानेवारीत हेसेलची बायको नीन्के वारली, तेव्हा वोब्बे मातीला आला नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. काल दुधाच्या बोटीवरून वोब्बेच्या बायकोचा, हिस्केचा, निरोप आला होता. ते अंथरुणाला खिळलेत, तुमचं नाव घेतात, लवकर या. मध्येच काही झालं तर चक्की सांगेल.

"शहाणा झालास म्हणायचं," बाउके म्हणाली.

"मी कसला शहाणा? नीन्के असती तर तिने कालच मला होडीत ढकललं असतं."

"तिच्यासाठी त्याने चक्की दुखवट्यात उभी केली होती, हेसेल. मी पाहिलीय."

"चार लाकडं हलवली. स्वतः नाही हलला. कालवा गोठला होता. पायात स्केट बांधून आला असता."

"अरे, त्याची छाती तेव्हाच..." बाउकेने पुढचं गिळलं. "जा बाबा. त्यालाच विचार."

पूल वर उचलला गेला आणि होडी पुढे सरकली.

पाऊस थेट तोंडावर येत होता. हेसेलने टोपी कपाळावर ओढली. पाइप पेटवून पाहिला, पेटेना. मेणकापडाखाली साखरपाव होता. वोब्बेच्या वाढदिवसाला नीन्के दरवर्षी करायची तसा. हेसेलने तो पहिल्यांदाच केला होता आणि एका बाजूने करपवला होता.

गेल्या गेल्या काय बोलायचं, ते त्याला सुचत नव्हतं. 'का आला नाहीस,' एवढंच विचारायचं होतं. बाउकेने काय गिळलं, तेही त्याला जाणून घ्यायचं होतं. पण आधी तो जिवंत भेटायला हवा.

लहानपणी वारा फिरला की बाप दोघांना हाका मारायचा. मग दोघे चक्कीच्या मागच्या शेपटाच्या लांब लाकडांना लोंबकळत तिचं तोंड वाऱ्याकडे वळवायचे. काम झालं की बाप त्यांना चक्कीपुढे उभं करून विचारायचा, "खालचं पातं डावीकडे थांबवलं असेल तर?"

"गोड खायचं!"

"आणि उजवीकडे?"

"टोपी काढायची."

लग्न, बारसं, मरण, सगळं कालव्याला असंच कळायचं.

पॉप्लरच्या झाडांपाशी वळण आलं. हेसेलने इंजिन हळू केलं आणि मग मान वर केली. पावसाच्या पडद्यापलीकडे चक्की काळी दिसत होती. शेपटाची लाकडं जमिनीपर्यंत उतरलेली. पाती थांबलेली. त्याने डोळे पुसले. खालचं पातं डावीकडे होतं. खात्री करायला त्याने स्वतःचा डावा हात वर करून पाहिला. डावीकडेच.

तो मोठ्याने हसला. कुरणातल्या गाईने मान वर केली.

"उठला म्हातारा!" तो गाईला म्हणाला.

मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं. उठला, म्हणजे पायांवर उभा आहे. पायांवर उभा आहे, तर माझ्याकडे येऊ शकतो. नीन्के गेल्यावर रिकाम्या घरात कोण बसलं होतं? मी. मग आधी कोणी यायचं?

त्याने साखरपावाचा करपलेला तुकडा मोडून तोंडात टाकला आणि होडी वळवली. आता पाऊस पाठीवर येत होता. पाइप पहिल्याच काडीला पेटला.

"एवढ्यात परत?" बाउकेने पुलावरून विचारलं.

"बूट सोड खाली."

बूट खाली आला. हेसेलने त्यात उरलेला साखरपाव कोंबला.

बाउकेने काठी वर ओढली. "हा तर वोब्बेचा."

"तू खा. तो बरा आहे. पातं डावीकडे उभं केलंय हिस्केने. आता त्याने यावं माझ्याकडे. मी चहा ठेवीन, भांडणार नाही. मला कुठे घाई आहे?"

"देवाची कृपा," बाउके म्हणाली. पाव ठेवायला तिने खिडकीच्या फळीवरचं पाणी हाताने निपटलं. हात तिथेच थांबला.

"कुठून पाहिलंस?"

"पॉप्लरपासून. नेहमी दिसते तिथूनच."

"जवळ नाही गेलास?"

"कशाला? डोळे आहेत मला."

"चक्कीचं शेपूट दिसलं?"

"दिसलं की. चांगलं जमिनीपर्यंत..." हेसेल बोलायचा थांबला.

बाउकेने पाव पुन्हा बुटात ठेवला आणि दोरी सावकाश खाली सोडली.

"जाताना पाऊस तुझ्या तोंडावर होता, हेसेल. चक्कीच्याही तोंडावरच असणार. तू तिची पाठ पाहिलीस."

हेसेलने टोपी काढली.