दुसरा दगड

धरणाच्या पाण्यानं वेढलेल्या टोलीवर, त्या लहानशा वस्तीवर, डोंगा एकच, ग्रामपंचायतीचा. आज त्यात हार घातलेला दगड ठेवला होता: पुलाची कोनशिला. काठावर दीपमाला उभी होती; पलीकडच्या गावात अकराला तिचा बारावीचा पेपर. "दगड उतरवा, काकाजी, पोरीले सोडून येतो," तिची आई सुलोचना म्हणाली. सरपंच हसले. "दगड बाराच्या मुहूर्तावरच खाली टेकन. तोवर डोंगा हालणार नाई. पूल मोठा का पेपर? पुढच्या साली पोरगी पेपर देईन." मागच्या निवडणुकीआधीही असाच दगड आला होता. पूल आला नाही. त्या दगडावर बाया कपडे धुतात. सुलोचनानं डोंगा पाण्यात लोटला, दोघी चढल्या. "दीपे, माह्याच कडेले बस." डोंगा कलला, दगड घसरला, हारासकट बुडाला. "अवं, हे काय!" सरपंच ओरडले. सुलोचनानं वल्हं उचललं. "कपडे धुवायले एक दगड पुरे हाये, काकाजी."