दादाच्या ब्लॉगचे वाचक

दादाच्या नव्या ब्लॉगला कुत्रंही विचारत नव्हतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो लिंक टाकायचा, शेजाऱ्यांना गळ घालायचा, माझ्या मैत्रिणींनाही सोडायचा नाही. आईचं हृदयाचं ऑपरेशन चालू असताना तो बाहेरच्या बाकावर मान खाली घालून फोनवर लिहीत होता. मला वाटलं, बिचारा घाबरलाय. दुसऱ्या दिवशी आई शुद्धीवर आली. मी तिला चमच्याने पाणी पाजत होते, तेवढ्यात मावशीचा फोन आला. "ताई गेली, आणि मला ब्लॉगवर वाचून कळावं?" ती हमसून हमसून रडत होती. मी दादाकडे पाहिलं. "अगं, भावनेच्या भरात लिहिलं गेलं. पण लोक धडाधड वाचतायत!" तो हरखून म्हणाला. आईने खुणेनेच फोन मागितला. "रडू नकोस, मी वाचले," ती मावशीला म्हणाली. मग दादाकडे न बघता पुटपुटली, "आता याला कोण वाचतंय ते बघू."