गयाआक्कांचा आग्रह

"आमचा यंत्रसेवक म्हाताऱ्यांच्या तोंडात साखरेचा कण जाऊ देत नाही!" पासष्टीचे आरोग्य सभापती ढोबळे गयाआक्कांच्या ओसरीवर गरजले. साठीपुढच्या कुणाचीही साखर वाढली, की सेवकाने त्याला उचलून पालिकेच्या वृद्धनिवासात न्यायचं, हा ठराव त्यांचाच. आज आक्कांची तपासणी होती.

"आरं ढोबळ्या, मी काय घर सोडत नाय. तू लाडू खा."

"नको."

पण वर्षभर आक्कांजवळ राहून सेवक आग्रह शिकला होता. त्याने ढोबळ्यांचा हात धरून नसलेल्या गळ्याची शपथ घातली. एकाचे पाच लाडू झाले.

मग त्याने दोघांची साखर तपासली. आक्कांची बरी निघाली.

ढोबळ्यांना गाडीत घालताना सेवकाने उरलेले लाडू बांधून दिले.