दीड नंबरचा टोस्ट

सुनेने टोस्टरचं बटण सहावर फिरवलं आणि धूर निघेपर्यंत ती शांतपणे उभी राहिली. लागोपाठ चौथा दिवस.

सासऱ्यांना टोस्ट लागायचा दीड नंबरचा. त्यांच्या मते एक म्हणजे नुसता पाव आणि दोन म्हणजे करपलेला. चष्म्याच्या कारखान्यात काचा घासण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. एक तपकिरी ठिपका नजरेतून सुटायचा नाही. अकरा वर्षांत त्यांनी परत पाठवलेले टोस्ट आणि तिने आपटलेल्या बश्या मोजल्या असत्या, तर सामना बरोबरीत सुटला असता.

मग सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. सात आठवडे तोंडातून शब्द नाही. पुढ्यात येईल ते गिळायचं. “आवडनिवड परत आली, की माणूस परत आला समजा,” डॉक्टर म्हणाले होते. नवऱ्याचा धीर संपला होता. शुश्रूषागृहाचा फॉर्म त्याने भरून ठेवला होता, सही तेवढी राहिली होती. उद्या बाबांना तिथे कायमचं पोचवायचं.

म्हणून हा कोळसा. आज तरी म्हातारा चिडेल, बशी ढकलेल, एखादी शिवी हासडेल. पण सासरे मुकाट्याने चावत होते.

सुटीचा दिवस, त्यामुळे नवरा घरीच होता. तो आत आला आणि बशी बघून थबकला.

“अगं, काय हे! बोलता येत नाही म्हणून वाट्टेल ते खायला घालणार? एवढा जुना राग काढतेस त्यांच्यावर?”

 खरं कारण सांगितलं असतं तर तिलाच वेड्यात काढलं असतं.

“मला,” सासरे म्हणाले. दोघं दचकले. शब्द जड होते, एकेक करून आले. “मला... असाच... आवडतो.”

नवरा त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

“आवाज आला, पण बाबा गेले गं,” तो पुटपुटला. “आपल्याला काय आवडतं, तेही आठवत नाही त्यांना.” त्याने टेबलावरचा फॉर्म पुढे ओढला, पेन काढलं.

सासऱ्यांनी दुसरा टोस्ट उचलला, त्यातल्या त्यात काळा. कचकन चावा घेतला. चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा वाकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं. तरी मुलाकडे रोखून बघत ते नेटाने चावत राहिले.

सुनेने नवऱ्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“अहो, त्यांना सगळं आठवतंय,” ती म्हणाली. “बाबा माझ्यासाठी खोटं बोलताहेत.”